आजीच्या दगडावर कोणतं वचन घालू?

प्रश्न: मी ३१ वर्षांची, पुण्यात खराडीला आयटीत काम करते. आम्ही मूळचे नगर जिल्ह्यातले, चार पिढ्यांपासून ख्रिस्ती. जानेवारीत आजी गेली. दफनाच्या वेळी सगळे पुन्हा भेटण्याची गाणी गात होते आणि मी नुसते ओठ हलवत होते. ढोंग केल्यासारखं वाटलं. काका म्हणाले, तू तिची लाडकी, कबरीच्या दगडावरचं वचन तूच निवड. दोन महिने झाले, निवडता येत नाही. मी देवाला सोडलेलं नाही, पण ऑफिसात, मित्रमंडळीत, या सगळ्या सेक्युलर वातावरणात स्वर्ग हा शब्द उच्चारला तरी मलाच लहान मुलासारखं वाटतं. माझा नवरा ख्रिस्ती नाही. तो चेष्टेत विचारतो, "तुमच्या स्वर्गात मला जागा आहे का?" मला उत्तर येत नाही. हा विश्वास धरून कसा ठेवायचा?

उत्तर:

सप्रेम सलाम.

काकांनी दगडाचं काम तुझ्या गळ्यात घातलं ते बरं केलं. नाहीतर हा प्रश्न तू आणखी दहा वर्षं पुढे ढकलला असतास. माझ्या नातीच्या वयाची आहेस, म्हणून 'तू' म्हणतो.

मी चौतीस वर्षं पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, म्हणून सेवा केली. त्यातली अकरा वर्षं एका मिशनच्या दवाखान्यात होतो. तिथे माझं काम उपदेशाचं कमी आणि खाटेजवळच्या स्टुलावर बसण्याचं जास्त. स्वर्गाबद्दल मला जे काही कळलं ते बरंचसं त्या स्टुलावर बसून कळलं, सेमिनरीत त्यामानाने थोडं.

आधी ओठांचं. दफनाच्या वेळी ज्याच्या घरचं माणूस गेलंय त्याने गावं अशी अपेक्षा कोणी करत नाही. त्यासाठीच तर मंडळी येते. पेटी खाली उतरते, दोऱ्या ओढून घेतात, पहिली मूठ माती पेटीच्या फळीवर पडते, तो आवाज ऐकल्यावर घरच्यांचा गळा बसतो. मग मागे उभ्या असलेल्या लांबच्या नात्यातल्या बाया, ज्यांची नावंही आपल्याला आठवत नाहीत, त्या गाणं उचलून धरतात. उद्या त्यांच्या दारी वेळ आली की आपण जाऊन धरायचं. आपल्याकडे विश्वास असा उसनवारीवर चालत आलाय, शेजारणीकडून आणलेल्या वाटीभर साखरेसारखा. त्या दिवशी तुझ्या वाटचं दुसऱ्यांनी गायलं, एवढंच. त्याला ढोंग म्हणू नकोस.

आता मला सांग, तुला नेमका कोणता स्वर्ग खरा वाटत नाही?

हे मी मुद्दाम विचारतो. 'पाळकसाहेब, स्वर्गावर विश्वास बसत नाही' असं ज्यांनी मला सांगितलं, त्यांना मी चित्र काढून दाखवायला सांगायचो. बहुतेकांचं चित्र एकच निघायचं: ढग, पांढरे झगे, वीणा आणि कधी न संपणारी उपासना. कॉलेजातला एक मुलगा म्हणाला, "तिथे अनंतकाळ गाणीच म्हणायची असतील तर मला नाही जायचं." मी म्हटलं, मलाही नाही. हा रविवारच्या शाळेच्या रंगीत तक्त्यावरचा स्वर्ग. आपण वाढलो, नोकरीला लागलो, सगळं बदललं, हे एक चित्र तेवढं बदलायचं राहिलं. तिसरीतला शर्ट अंगाला होत नाही म्हणून कोणी उघडं फिरत नाही, मापाचा शिवून घेतो.

मराठीत यात आणखी एक गुंता आहे, आणि तो आपल्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, फारसा कोणी सोडवत नाही. 'स्वर्ग' हा शब्द आपण घेतला तो कोरा नव्हता. त्याच्याबरोबर इंद्राचा दरबार आला, अप्सरा आल्या, कल्पवृक्ष आला. शिवाय गीतेच्या नवव्या अध्यायात सांगितलंय की पुण्य सरलं की स्वर्गातून पुन्हा मर्त्यलोकात यायचं. म्हणजे तुझ्या हिंदू मैत्रिणीच्या घरच्या परंपरेत स्वर्ग हा शेवटचा मुक्काम नाहीच. तिथे मोक्ष मोठा, स्वर्ग म्हणजे वाटेतली सुखाची धर्मशाळा. त्यावर बिल्डरांनी कळस चढवला: हिंजवडीच्या टू बीएचकेपासून कोकणातल्या प्लॉटपर्यंत सगळीकडे स्वर्गच उतरलाय. एवढी पुटं चढलेला शब्द तू ऑफिसात उच्चारलास की समोरच्याच्या डोळ्यांपुढे काहीतरी भलतंच उभं राहतं. तुला लाज वाटते ती बरीचशी त्या भलत्याची आहे.

आपल्या जुन्या लोकांना हे जाणवलं असावं असं मला नेहमी वाटतं. कारण गेलेल्या माणसाच्या नावामागे काय लावतात बघ. कैलासवासी, वैकुंठवासी, स्वर्गवासी: सगळी ठिकाणांची नावं. आपल्या पत्रिकांत मात्र 'ख्रिस्तवासी' लिहितात. नावामागे कुठलं ठिकाण लावलेलंच नाही, ज्याच्याकडे गेलं त्या माणसाचं नाव लावलंय. तुझ्या आजीला कोणी विचारलं असतं, मेल्यावर कुठे जाणार, तर तिने बहुधा 'प्रभूकडे' म्हटलं असतं. 'कुठे' या प्रश्नाला तिचं उत्तर 'कोणाकडे' असं होतं. लग्न झालेली पोर 'कोथरूडला चालले' म्हणत नाही, 'आईकडे चालले' म्हणते. आईने घर बदललं तरी वाक्य तेच राहतं.

पवित्र शास्त्रही, म्हणजे बायबलही, हेच करतं. वधस्तंभावरच्या चोराला येशू म्हणाला, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, वधस्तंभावरच्या येशूच्या सात उद्गारांवर 'सात शब्दांची' उपासना असते, त्यातल्या दुसऱ्यावर, म्हणजे याच वाक्यावर, बोलायची पाळी माझ्यावर बऱ्याचदा आली. सुरुवातीला मी 'सुखलोक' या शब्दावरच वीस मिनिटं बोलायचो. मूळ ग्रीक शब्द जुन्या इराणी भाषेतून आलेला, अर्थ भिंतीने वेढलेली बाग, उर्दूतला फिरदौसही त्याच मुळाचा, वगैरे. माहिती चांगली आहे, लोक माना डोलावायचे. पुढे पुढे लक्षात आलं की त्या वाक्यात वजन आहे ते 'माझ्याबरोबर'ला.

आणि आजी गेली ती जिथे गेली, तिथे गोष्ट संपत नाही, हे आपल्या मंडळीत फार कमी वेळा सांगितलं जातं. उपासनेत उभं राहून आपण विश्वासांगीकार, म्हणजे आपल्या विश्वासाची ठरलेली कबुली, म्हणतो त्याचा शेवट आठव: देहाचं पुनरुत्थान आणि सार्वकालिक जीवन. देहाचं! आत्मा पिंजऱ्यातून उडाला आणि सुटला, असं तिथे नाही. प्रकटीकरण या शास्त्रातल्या शेवटच्या पुस्तकाच्या २१व्या अध्यायात माणसं वर जात नाहीत, नगरी खाली येते. "पाहा, देवाचा मंडप मनुष्यांजवळ आहे." नवं आकाश आणि नवी पृथ्वी. या पृथ्वीला टाकून दिलेलं नाही, नवी केलीय. आपण माणसाला जाळत नाही, पुरतो, यालाही त्याच आशेचा आधार होता. पुरण्याला ख्रिस्ती लोक पेरण्याची उपमा देत आले, आणि ती प्रेषित पौलाची आहे, करिंथकरांच्या पहिल्या पत्रातल्या १५व्या अध्यायातली: पेरतो ते एक, उगवतं ते वेगळं, पण उगवतं त्याच दाण्यातून. (आता शहरांत जागेअभावी आपल्यातलेही काही दहन करतात. त्याने पुनरुत्थान अडत नाही. देवाला राखेतून जमणार नाही असं मानणं म्हणजे फारच झालं.)

आता तुझ्या 'सेक्युलर वातावरणा'कडे येतो. हल्ली हा शब्द शिवीसारखा वापरतात म्हणून एक खुलासा. राज्यघटनेतली धर्मनिरपेक्षता आपली वैरी नाही. धर्मस्वातंत्र्याचं कलम २५ आहे म्हणून तुझ्या आजीने उघडपणे गाणी म्हटली आणि तुझा नवरा त्याच्या मनाप्रमाणे आरतीला जातो. तू म्हणतेस ते वातावरण वेगळं आहे. आणि गंमत अशी की त्या वातावरणात स्वर्गाविरुद्ध कोणी बोलतच नाही. आठवून बघ, ऑफिसात शेवटचं कोणी तुझ्याशी या विषयावर वाद घातला? कोणी नाही. अप्रेझल आहे, ईएमआय आहे, शनिवारी लोणावळा आहे, डिसेंबरात केक आणि सीक्रेट सँटा आहे. वाद घालायला निदान विषय तरी निघावा लागतो.

खरा वाद घालणारे जुने होते. देह जळून राख झाल्यावर परत येणार कुठून, कर्ज काढा आणि तूप प्या, असं चार्वाकांच्या नावावरचं वचन याच देशात घोकलं गेलं. येशूच्या काळात सदूकी होते, यहूदी धर्माचे प्रतिष्ठित लोक, पुनरुत्थान नाहीच म्हणणारे. त्यांनी सात भावांची एकच बायको झाली तर पुनरुत्थानात ती कोणाची, असला बाष्कळ प्रश्न विचारून त्याला पेचात धरायचा प्रयत्न केला. पौल अथेन्सच्या विद्वानांपुढे बोलला, तेव्हा मेलेल्यांच्या उठण्याचा विषय निघाल्याबरोबर काही जण हसले. म्हणजे हसणारे पहिल्या दिवसापासून आहेत. तुझी पिढी काही अपूर्व संकटात सापडलेली नाही.

नवीन आहे ते दुसरंच. मरण नजरेआड झालंय. मी लहान असताना गल्लीत माणूस गेलं तर पोरांना कोणी हाकलत नसे. आम्ही बघायचो: आंघोळ घालताना पाणी कोमट घेतात, हनुवटीला पट्टी बांधतात, आरसे झाकतात काही घरांत, शेजारीण चहाचं पातेलं आणून ठेवते. तुझ्या आजीने आयुष्यात किती जणींना शेवटची आंघोळ घातली असेल, काकांना विचार. आता माणूस आयसीयूच्या काचेमागे जातं, भेटीची वेळ संध्याकाळी अर्धा तास, आणि नंतर हातात येतं ते झिप लावलेलं. ज्याने मरण जवळून पाहिलेलं नाही त्याला स्वर्ग लागतोच कशाला? तहान नाही, मग पाणी खरं की खोटं याची चौकशी कोण करणार? तुझा विश्वास कोणी हिसकावून घेतलेला नाही. त्याला बरीच वर्षं काम मिळालं नाही, इतकंच. जानेवारीत एकदम मिळालं.

दवाखान्यातली एक म्हातारी सांगतो. रोजंदारीवर शेतात राबून आयुष्य गेलेलं. पोटाचा आजार, डॉक्टरांनी हात टेकलेले. मी शास्त्र उघडलं तर म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, डोळं मिटत्यात. बसा नुसतं." बसलो. शेळीचं बोलली, सुनेचं बोलली. मग बऱ्याच वेळाने म्हणाली, "माझी थोरली बहात्तरच्या दुष्काळात गेली. हगवणीनं. चार वर्साची व्हती. तिकडं आता केवढी असंल ओ ती?"

मला पस्तिशीतच असले प्रश्न टाळायची कला आली होती, पण त्या दिवशी काही सुचेना. चारच वर्षांची असेल म्हणावं, तर मधली वर्षं कुठे गेली? वाढली असेल म्हणावं, तर या बाईला ती ओळखू कशी येणार? मी खरं तेच सांगितलं, की मला माहीत नाही. ती थोडा वेळ छताकडे बघत राहिली आणि म्हणाली, "केवढी का असंना. वळखलं म्हंजे झालं." दोन दिवसांनी गेली.

स्वर्गाविषयी मला किती माहीत आहे असं कोणी विचारलं तर मी हीच गोष्ट सांगतो. आमच्यासारखे शिकलेले लोक नकाशा मागतात. त्या बाईला नकाशा नको होता. तिला एकाच गोष्टीची खात्री हवी होती, आणि मला वाटतं, ज्या येशूने कबरीतून उठल्यावर मग्दालियेच्या मरीयेला बागेत नावाने हाक मारली त्याच्याकडे ती मागणी रास्त होती.

पुरावा विचारशील, आणि विचारायलाच हवा. भूमितीसारखा पुरावा माझ्याकडे नाही. जे आहे ते असं: करिंथकरांस पहिलं पत्र साधारण इ.स. ५५च्या सुमाराचं, म्हणजे वधस्तंभापासून पंचवीस वर्षांच्या आतबाहेर. त्यात पौल लिहितो की उठलेल्या येशूला एकाच वेळी पाचशेहून अधिक बांधवांनी पाहिलं आणि त्यातले बहुतेक अजून हयात आहेत. हयात आहेत याचा अर्थ, जा आणि विचारा. आणि चारही शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रांत, रिकाम्या कबरीशी पहिल्यांदा पोचतात त्या बायका, ज्यांच्या साक्षीला त्या समाजात फारसं वजन नव्हतं. गोष्ट रचायची असती तर कोणी अशी रचली नसती. एवढ्यावर कोर्टात निकाल लागेल का? नाही लागणार. पण हवेत बांधलेलं नाही, एवढं मला पुरलं. पौल स्वतःच त्याच अध्यायात म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर आमचा उपदेश फुकट आणि तुमचा विश्वासही फुकट. मला हा माणूस आवडतो तो यासाठी. सारवासारव करत नाही.

मरता मरता परत आलेल्यांच्या गोष्टी, प्रकाश दिसला, गेलेली आई दिसली, या मी खाटेशेजारी बसून ऐकल्यात. खोटं बोलत नव्हते ते लोक. पण त्यावर मी कधी उपदेश केला नाही आणि तूही त्यावर इमारत बांधू नकोस. मेंदूला प्राणवायू कमी पडला की काय काय दिसतं हे डॉक्टर सांगतात, त्यांच्याशी भांडण कशाला? उद्या त्यांनी सगळ्याचं कारण शोधून काढलं तर तुझा विश्वास त्याबरोबर कोसळायला नको.

"स्वर्गाची आशा म्हणजे पळवाट" असं कोणी म्हणालं तर केडगावला घेऊन जा. आपल्या नगरजवळचं केडगाव नव्हे, दौंड तालुक्यातलं, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचं. पंडिता रमाबाईंनी आईबाप दुष्काळात गमावले, नवरा लग्नानंतर दोन वर्षांच्या आत पटकीने गेला. १८९७ आणि १९००च्या दुष्काळांत त्यांनी मध्य प्रांतातून, गुजरातेतून मुली आणि विधवा आणल्या, शेकडोंनी. विहिरी खोदल्या, शेती केली, छापखाना घातला आणि तो मुलींनी चालवला. खेड्यातल्या बाईला कळेल अशा सोप्या मराठीत शास्त्र असावं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकून भाषांतराला बसल्या. २४ जुलै १९२१ला एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. रमाबाई काम संपवत आणत ५ एप्रिल १९२२ला गेल्या. ते शास्त्र छापून बाहेर पडलं १९२४मध्ये. या बाईला मेल्यानंतरच्या जीवनाची खात्री होती, आणि त्या खात्रीने तिला हात जोडून बसवलं नाही. मनोरमेनंतरच्या त्या साडेआठ महिन्यांत ती टेबलाशी कशी बसत असेल याचा मी पुष्कळदा विचार केलाय. मुलगी संपली असं मानून बसणं तिला जमलं असतं असं मला वाटत नाही.

पळवाट होतेच कधीकधी, हेही सांगतो. माझ्याच हातून झाली. तरुणपणी एका घरी गेलो होतो, सहा वर्षांचा मुलगा न्युमोनियाने गेलेला. मी त्या आईला म्हणालो, "देवाला आपल्या बागेसाठी फूल हवं होतं." सगळे असंच म्हणतात, मीही म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "त्याच्याकडे कमी होती का?" मी त्या घरातून कसा बाहेर पडलो ते मलाच माहीत. त्यानंतर ते वाक्य तोंडातून काढलं नाही, आणि दुसऱ्या कोणी काढलं तर अजून अंगावर काटा येतो. 'देवाला आवडला', 'चांगली माणसं लवकर जातात', या सगळ्या मलमपट्ट्या बोलणाऱ्याच्या सोयीसाठी असतात. आपल्या मेलेल्या मित्राच्या, लाजराच्या, कबरीशी येशू आधी रडला. थोड्याच वेळात त्याला उठवणार होता, तरी रडला. पौलही थेस्सलनीकाकरांना रडू नका असं सांगत नाही, आशा नसलेल्यांसारखं रडू नका म्हणतो. म्हणजे रडायचं आहेच. आजीसाठी तू पोटभर रडलीस की नाही, ते लिहिलं नाहीस. दहा दिवसांची रजा तरी मिळाली होती का?

नवऱ्याचा प्रश्न. चेष्टेत विचारतो म्हणतेस, पण अशा चेष्टेत पाव भाग तरी खरी भीती असते. त्याला पहिलं सांग, 'तुमचा' स्वर्ग नाही. आमच्या मालकीचा नाही, सोसायटी नाही ती, सभासदांची यादी पाळकाकडे नसते.

मंडळ्यांमध्ये यावर एकमत नाही हे तुझ्यापासून लपवण्यात अर्थ नाही. जाहीर कबुली आणि बाप्तिस्मा याशिवाय दार नाही, असं ठामपणे सांगणाऱ्या मंडळ्या आहेत, आणि "माझ्याद्वारे आल्यावाचून पित्याकडे कोणी येत नाही" हे वचन ते दाखवतात. वचन आहेच, मी ते पुसू शकत नाही, पुसणारही नाही. आपल्या कॅथलिक बांधवांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६४ साली असं मांडलं की स्वतःचा दोष नसताना ज्यांना ख्रिस्त कळला नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि विवेकाप्रमाणे वागायला झटतात, तेही तारणाला मुकतील असं नाही. मी प्रोटेस्टंट, पण म्हातारपणी त्या बाजूला बराच सरकलोय. माझं म्हणणं असं: वाट ख्रिस्तच. त्या वाटेने तो कोणाकोणाला कडेवर घेऊन येतो, ती त्याची गोष्ट. चोराचा कुठे बाप्तिस्मा झाला होता? आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या २५व्या अध्यायात, शेवटच्या न्यायात मेंढरं आणि शेरडं वेगळी करावीत तसं लोकांना वेगळं करतात तिथे, दोन्ही बाजूंचे लोक चकित झालेले आहेत. "प्रभो, आम्ही तुला केव्हा पाहिलं?" हे दोघंही विचारतात. आपण कोणत्या बाजूला याचा ज्याला पक्का हिशेब होता, असा तिथे एकही नाही. तुझ्या माझ्या हातात एवढंच आहे की घरात स्वर्गाची धमकी करायची नाही. मिश्र लग्नांत नात्यातल्या मंडळींनी ती केलेली मी पाहिली, त्यातून कोणी देवाजवळ आल्याचं आठवत नाही.

मित्रांशी डब्याच्या वेळी वाद घालायची गरज नाही. 'मेल्याशिवाय स्वर्ग दिसत नाही' म्हणतात ते खरंच आहे, तेव्हा त्यांच्यासाठी आणि तुझ्यासाठी तो सारखाच न दिसलेला आहे. कोणी मनापासून विचारलं तर आजीबद्दल सांग. ती कशी गेली, शेवटी काय म्हणाली. 'तिला असं वाटायचं आणि मला तसं वाटायला हवंय,' एवढं प्रामाणिक बोललीस तरी पुष्कळ झालं.

धरून कसा ठेवायचा, तर डोक्याने कमी आणि हातापायांनी जास्त. महिन्यातून एकदा कोणा आजाऱ्याकडे जा, मंडळीत नावं मिळतील, आणि फोन पर्समध्ये ठेवून तासभर बस. काही बोलायची गरज नाही. करिंथकरांचा १५वा अध्याय आणि प्रकटीकरणाचे शेवटचे दोन एकदा मोठ्याने वाच, एका बैठकीत, अर्ध्या तासात होतं. प्रभूची प्रार्थना रोज म्हणतच असशील. "जसे स्वर्गात तसे पृथ्वीवरही" इथे एक श्वास थांबत जा. आणि चर्चला जाशील तेव्हा जुनी गाणी आवाज काढून म्हण, विश्वास असो वा नसो. दोन-चार महिने हे करून बघ. वाटणं मागून येतं, कधी खूपच मागून येतं. मला स्वतःला बायको गेल्यावर दीड वर्ष काहीही वाटत नव्हतं. त्या दीड वर्षात मी बावीस दफनं केली आणि प्रत्येक वेळी "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे मोठ्याने वाचलं. शब्द माझ्या वाटण्यावर उभे नव्हते, म्हणून वाचता आलं.

राहिलं दगडाचं.

वचन तू निवडू नकोस. तो दगड आजीच्या विश्वासाचा आहे, तुझ्या नाही, त्यामुळे तुझ्या शंकेचा तिथे संबंध येत नाही. काकांकडून तिचं शास्त्र मागून घे. म्हाताऱ्या बायकांच्या शास्त्रात सगळं असतं: लग्नाच्या पत्रिका, औषधाच्या चिठ्ठ्या, वाळलेलं पान, आणि पेन्सिलीच्या खुणा. ज्या पानावर कडा बोटांनी काळपट झाल्या असतील तिथे बघ. स्तोत्र २३चं "परमेश्वराच्या घरात मी चिरकाल राहीन" निघालं तर नवल नाही, अर्ध्या दफनभूमीवर तेच असतं, पण असू दे. तिने खूण केलेलं वचन घाल आणि खाली नाव.

मजकूर कारागिराला तोंडी सांगू नकोस, फोनवर तर मुळीच नाही. टाईप करून कागद दे आणि छिन्नी लागायच्या आधी दगडावर पेन्सिलीने लिहिलेलं स्वतः जाऊन वाच. 'पुनरुत्थान'चं 'पुर्नरुत्थान' झालेलं मी निदान सहा कबरींवर पाहिलंय, आणि ग्रॅनाईटवर खोडरबर चालत नाही. घाईही करू नको. जानेवारीत पुरलंय, माती अजून बसायची आहे. एक पावसाळा जाऊ दे, खचेल तिथे भर घालायला सांग, आणि दगड दिवाळीनंतर बसव. तोवर लाकडी क्रूस पुरे.

मधे ईस्टर येतोय. आपल्या मंडळ्या पहाटे दफनभूमीत जमतात, तुझ्या गावचीही जमत असेल, काकांना वेळ विचारून घे. नवऱ्याला यायचं असेल तर त्यालाही आण. अंधार असतो, कबरींच्या मधून चालायला टॉर्च लागतो.